देणगीची परीक्षा दुसऱ्या उन्हाळ्यात: खान्देशातील सेवा क्लबसाठी सविस्तर मार्गदर्शक

गिरणाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत आमच्या क्लबने पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र बसवले, तेव्हा मी क्लबचा खजिनदार होतो. लोकार्पणाला प्रांतपाल (परिसरातील क्लबांचे प्रमुख) आले, सरपंचांनी फीत कापली, मुलांनी ओंजळीने पाणी पिऊन दाखवले. दोन वर्षांनी मार्चअखेरीस दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो आणि शाळेत डोकावलो. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी किल्ली शोधून खोली उघडली. यंत्राच्या अंगावर क्षारांचे पांढरे ओघळ सुकले होते, तोटीला फडके गुंडाळलेले होते आणि वीजपुरवठ्याची वायर काढून बाजूला ठेवलेली होती. मुले हापशाचेच पाणी पितात, असे ताईंनी सांगितले. मेंब्रेन (यंत्रातील क्षार अडवणारा पडदा) बदलण्याचा खर्च कोणी करायचा, थकलेले वीजबिल कोणी भरायचे आणि बिघाड झाला तर फोन कोणाला करायचा, हे तीन प्रश्न आम्ही देताना विचारलेच नव्हते. दोष शाळेचा नव्हता, आमचा होता.

त्या दिवसापासून कोणताही प्रकल्प मंजूर करताना मी एकच कसोटी लावतो: ही वस्तू, हे झाड किंवा ही सेवा दुसऱ्या उन्हाळ्यातही चालू असेल का? पहिला उन्हाळा उत्साहावर निघतो, पण दुसरा केवळ व्यवस्थेवरच निघतो. पुढील सर्व पायऱ्या या कसोटीभोवती रचलेल्या आहेत. रोटरी, लायन्स, इनरव्हील यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेले क्लब असोत किंवा गावातील मित्रमंडळाने उभी केलेली सेवा संस्था असो, कामाची पद्धत फारशी बदलत नाही.

वर्षाची आखणी पदग्रहणाच्या आधी

रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. नवा अध्यक्ष जुलैत सूत्रे घेतो, पावसाळ्यात समित्या नेमतो, दिवाळीनंतर प्रकल्प ठरवतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते पूर्ण करण्यासाठी धावपळ करतो. खान्देशचे स्वतःचे वर्ष मात्र वेगळ्या गतीने चालते, आणि क्लबचे वेळापत्रक त्याच्याशी जुळले नाही तर चांगला प्रकल्पही रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहतो.

जून-जुलैत पेरणी असते, त्या काळात गावात दुपारी कोणी भेटत नाही. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कापूस वेचणी चालते. मजुरीचे दिवस सोडून कोणी शिबिराला येत नाही आणि यावे अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतून असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. सातपुड्यात होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण असल्याने त्या सुमारास भोंगऱ्या बाजारात सगळा परिसर एकत्र येतो. म्हणून त्या भागातील माता-बालकांची तपासणी होळीनंतर आणि आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवावी. जानेवारीत ठेवलेल्या शिबिरात पाड्यावर मागे राहिलेली म्हातारी माणसे तेवढी भेटतात.

यावर आमच्या क्लबने काढलेला मार्ग असा आहे. येणारा अध्यक्ष जानेवारीतच आपली प्रकल्प समिती नेमतो, फेब्रुवारी ते एप्रिल गावभेटी होतात आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पुढील वर्षाचे दोन किंवा तीन मुख्य प्रकल्प ठरलेले असतात. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, शेतीची कामे थोडी थांबलेली असतात, त्यामुळे गावाची बैठक घ्यायलाही तो काळ सोयीचा असतो. वर्षाला दोन-तीनच प्रकल्प हा आग्रह मी मुद्दाम धरतो. एका वर्षात चाळीस कार्यक्रमांचा अहवाल पाठवणारे क्लब मी पाहिले आहेत. त्यांतील किती कामे पुढच्या वर्षी जिवंत होती, हे शोधायला गेल्यावर फार थोडी हाताशी लागतात.

पैशाची दोन खाती आणि एक कायदेशीर घर

सभासदांची वर्गणी आणि लोकांकडून सेवाकार्यासाठी मिळालेला पैसा कधीही एका खात्यात ठेवू नये. लायन्सच्या नियमानुसार जनतेकडून गोळा झालेला निधी जनतेसाठीच खर्च व्हावा लागतो, क्लबच्या प्रशासकीय खर्चासाठी तो वापरता येत नाही. ज्या क्लबला हा नियम लागू नाही, त्यानेही तो स्वतःहून पाळावा. पदग्रहणाचे जेवण, हार-शाल, हॉलचे भाडे, पाहुण्यांच्या प्रवासाचा खर्च हे सर्व प्रशासकीय खात्यातून, म्हणजे सभासदांच्या वर्गणीतून झाले पाहिजे. प्रकल्पाच्या खात्याचा धनादेश दोन सह्यांशिवाय निघू नये आणि त्या दोन सह्या एकाच कुटुंबातील नसाव्यात.

क्लब ही बहुधा स्वतः नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसते. म्हणून मोठी कामे करणाऱ्या क्लबने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली स्वतंत्र ट्रस्ट नोंदवणे इष्ट ठरते. ट्रस्टची दरवर्षी लेखापरीक्षा होते, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. क्लबमध्ये पदाधिकारी दरवर्षी बदलतात, म्हणून ट्रस्टच्या घटनेत विश्वस्तांची मुदत चार-पाच वर्षांची ठेवावी. नाहीतर दर जुलैत बदल अर्जाची नवी फाइल उघडावी लागते आणि एखादे वर्ष राहून गेले की पुढची सगळी कामे अडतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकवर्गणी गोळा करायची असेल तर याच कायद्याच्या ४१क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेश मंडळे ती घेतात, आपणही घ्यावी.

देणगीदारांना देणगीवरची आयकर सवलत (जुन्या कायद्यातील कलम ८०जी) द्यायची असेल तर ट्रस्टला वेगळी मान्यता मिळवावी लागते. येथे काही गोष्टी देणगीदाराला आधीच स्पष्ट सांगाव्यात. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला तिचा उपयोग होत नाही. देणगीदाराचा पॅन किंवा आधार यांसारखा ओळख क्रमांक घेतला नाही तर त्याचे प्रमाणपत्र निघत नाही, आणि हे प्रमाणपत्र दरवर्षी मे अखेरपर्यंत द्यावे लागते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असून जुन्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पावतीपुस्तक छापण्यापूर्वी त्यावरील मजकूर आपल्या सीएकडून तपासून घ्यावा.

परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींकडूनही मदत येते. अमेरिकेत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा देणगी देऊ शकतो. मात्र त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर तो पैसा परकीय अंशदान ठरतो आणि एफसीआरए (परकीय अंशदान कायदा) नोंदणीशिवाय तो स्वीकारता येत नाही, मग तो मूळचा आपल्या गल्लीतला का असेना. हे त्याच्या वडिलांना समोर बसून सांगणे अवघड जाते, तरी सांगावेच लागते. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून काम करायचे असल्यास ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी लागते. रोटरीचा ग्लोबल ग्रँट (मोठ्या प्रकल्पांसाठीचे आंतरराष्ट्रीय अनुदान) मिळवायचा असेल तर प्रकल्पाचे अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे असावे लागते आणि गावाच्या गरजांचे मूल्यमापन अर्जाच्या आधी केलेले असावे लागते. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते, आणि पाच हजारांच्या कामालाही ती लावावी असे माझे मत आहे.

गरज कशी ओळखावी

गावात पहिल्यांदा जाताना काहीही घेऊन जाऊ नये आणि कशाचेही आश्वासन देऊ नये. चारचाकी गाड्यांचा ताफा, बॅनर आणि फोटोग्राफर यांसह गेलात तर गाव मागण्यांची यादीच हातात देते, आणि त्या यादीत खरी अडचण बहुतेक वेळा नसते. दोघे किंवा तिघे जा, त्यांत एक तरी स्त्री सभासद असू द्या, आणि अहिराणी, पावरी किंवा भिली समजणारा एक माणूस बरोबर घ्या. सरपंच आणि ग्रामसेवक यांना भेटणे आवश्यक आहे, परंतु तेवढ्यावर थांबू नये. आशा, अंगणवाडी सेविका, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, बसथांब्यावरचा टपरीवाला आणि शाळेतील सातवी-आठवीच्या मुली यांच्याकडून जे कळते ते कार्यालयात कळत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. पाण्याची अडचण समजून घ्यायची असेल तर एप्रिल-मे महिन्यात पहाटे पाच वाजता विहिरीवर जाऊन उभे राहावे. शाळेच्या स्वच्छतागृहाची स्थिती मधल्या सुट्टीत पाहावी. एका शाळेत आम्ही नवे स्वच्छतागृह बांधून देण्याच्या विचाराने गेलो होतो. मुलींशी आमच्या स्त्री सभासद बोलल्या तेव्हा कळले की स्वच्छतागृह आहे, पाणीही आहे, फक्त दाराला आतून कडी नाही, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. सहा कड्या, दोन बिजागऱ्या आणि सुताराची एक दिवसाची मजुरी एवढ्यात ते काम झाले. स्वच्छतागृहासाठी राखलेला निधी नंतर दुसऱ्या गावी वापरता आला.

प्रत्येक गावात आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: याआधी कोणी काय दिले होते आणि त्याचे पुढे काय झाले? बंद पडलेली सौर पंपाची टाकी, पत्रे उडालेली बसशेड, कुलूपबंद वाचनालय हे सारे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पुष्कळदा नवे देण्यापेक्षा जुने दुरुस्त करून देणे स्वस्त पडते. त्यावर आपली पाटी लागत नाही म्हणून क्लब ते टाळतात, आणि हे मला मनापासून खटकते.

जे शासन देते ते पुन्हा देऊ नये

निवडीच्या बैठकीत प्रत्येक प्रस्तावापुढे हा प्रश्न ठेवावा की या कामासाठी आधीच योजना आहे का, आणि असेल तर ती येथे का पोहोचलेली नाही. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्यामुळे सायकली द्यायच्या तर ज्या वस्तीवर बस जात नाही तेथील मुलींना द्याव्यात, रस्त्यावरच्या गावात फोटोसाठी देऊ नयेत. जून महिन्यात एकाच शाळेला चार संस्थांकडून दप्तरे मिळतात आणि शेजारच्या पाड्यावरील शाळेला एकही मिळत नाही. तालुक्यातील क्लबांनी एकत्र बसून, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून शाळांची यादी घेऊन वाटणी केली तर हे टळते.

व्यक्तिगत मदतीच्या अर्जांनाही हाच नियम लागू करावा. दवाखान्याच्या खर्चासाठी आलेल्या कुटुंबाला लगेच दहा हजार रुपये देण्यापेक्षा त्यांच्याबरोबर एक सभासद पाठवणे अधिक उपयोगी पडते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि अंदाजपत्रक यांची जुळवाजुळव करून देणारा माणूस त्या कुटुंबाला हवा असतो. या मार्गांनीही जे भागत नाही तेवढे क्लबने द्यावे, आणि तेही रुग्णालयाच्या नावाने धनादेशाने द्यावे. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीत अर्जदाराचा नातलग असेल तर त्याने त्या विषयापुरते बैठकीतून उठून जावे. लहान गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे असतात, म्हणून ही शिस्त लेखी असणे बरे.

पाणी: सर्वांत मोठी गरज, सर्वांत जास्त चुका

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे पाण्याचे काम करावेसे प्रत्येक क्लबला वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र आधी पाणी तपासावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, फ्लोराइडची १.० आणि फार तर १.५. पाण्यात केवळ गढूळपणा आणि जंतू असतील तर आरओची गरज नाही. टाकी धुणे, गाळणी आणि नियमित क्लोरिन एवढे पुरते. क्षार खरोखर जास्त असतील तेव्हाच आरओ बसवावा, आणि त्यातून बाहेर जाणारे पाणी शुद्ध पाण्यापेक्षा जास्त असू शकते हे लक्षात घेऊन ते भांडी, शौचालय यांच्याकडे वळवण्याची नळजोडणी त्याच वेळी करावी.

माझ्या त्या बंद यंत्रातून शिकून आम्ही आता अंदाजपत्रकात तीन रकमा वेगळ्या लिहितो: यंत्राची किंमत, तीन वर्षांच्या देखभाल कराराची किंमत आणि वीजबिलाची तरतूद. तिन्ही मिळून रक्कम झेपत नसेल तर यंत्र घेत नाही. शिवाय ग्रामपंचायतीचा ठराव घेतो, ज्यात चौथ्या वर्षापासूनचा खर्च कोणत्या निधीतून होईल हे नमूद असते. एका गावाने पाच रुपयांना वीस लिटर अशी पट्टी ठरवली आणि तिचा हिशेब बचत गटाकडे दिला. ते यंत्र आजही चालू आहे.

याबाबत खान्देशला कोणाकडून उसने शहाणपण आणण्याची गरज नाही. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धत काही शतके टिकली ती याच नियमावर. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फडांत विभागलेली जमीन, आणि पाणी वाटणारा पाटकरी गावानेच नेमलेला. पाटकऱ्याचा मोबदला आणि पाट साफ करण्याचे श्रम लाभधारकच देत. बांधण्याच्या आधी सांभाळण्याची व्यवस्था ठरलेली असे. आपल्या प्रत्येक प्रकल्पाला एक पाटकरी हवा, म्हणजे ठरलेला, नावानिशी माहीत असलेला आणि मोबदला मिळणारा माणूस हवा.

जलसंधारणाचे काम करताना दगडमातीचा सल्ला घेतल्याशिवाय पोकलेन लावू नये. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून एकाखाली एक सिमेंट बंधारे बांधले गेले आणि ते काम राज्यभर पाहिले गेले. त्यामागे त्या जमिनीच्या थरांचा अभ्यास होता. चोपडा, यावल, रावेर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे, तेथे पाणी झपाट्याने मुरते. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत तसे होत नाही, आणि साक्रीच्या काळ्या पाषाणात गणित आणखी वेगळे असते. एका ठिकाणचा आराखडा दुसरीकडे उचलून नेला तर पैसा वाया जातो.

क्लबला झेपेल असे सर्वांत चांगले काम म्हणजे जुन्या पाझर तलावातील गाळ काढणे. शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. यंत्राच्या डिझेलचा भार क्लबने उचलायचा आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी करायचा, ही वाटणी उत्तम चालते, कारण स्वतःचा ट्रॅक्टर लावणारा शेतकरी ते काम आपले मानतो. तलाव ज्या विभागाचा आहे त्याची लेखी परवानगी घ्यावी, भिंतीच्या पायथ्याजवळ खोदू नये, गाळाखालचा मुरूम उचलू देऊ नये. एप्रिलच्या मध्यापर्यंत काम सुरू झाले नाही तर ते त्या वर्षी होत नाही असे समजावे, कारण जूनच्या पहिल्या सरीनंतर ट्रॅक्टर तलावात उतरत नाही.

रक्तदान, डोळे आणि झाडे

रक्तदान शिबिरे आपल्याकडे १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवशी एकवटतात. साठवलेल्या रक्तातील लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणजे ऑगस्टमध्ये जमा झालेले रक्त मे महिन्यात कामाला येत नाही, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद, लग्नसराई जोरात, ऊन असह्य, त्यामुळे पेढीत टंचाई असते. क्लबने आपले शिबिर एप्रिलअखेर ते जूनच्या दरम्यान आणि संध्याकाळी पाचनंतर घ्यावे. रक्तपेढीला आधी विचारून तिला जितक्या पिशव्या सांभाळता येतील तितक्याच घ्याव्यात, विक्रम करण्याच्या मागे लागू नये. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक असलेला हवा. दोन दानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर लागते.

शिबिरात हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या स्त्रियांची संख्या नेहमी मोठी असते. आमच्या नोंदवहीत पूर्वी त्यांच्या नावापुढे फक्त फुली असे. आता त्यांच्या संमतीने यादी आरोग्य उपकेंद्राला देतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावतो. नंदुरबारमधील भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे असल्याने तेथे काम करणाऱ्या क्लबने ही तपासणी आरोग्य विभागाच्या बरोबरीने करावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे, त्यामुळे वेगळी यंत्रणा उभी करण्याची आवश्यकता नाही. अहवाल मात्र गुप्त ठेवावा. कोणाच्या मुलीला सिकलसेल आहे हे गावात पसरले तर तिच्या लग्नाची बोलणी मोडतात, आणि ती जबाबदारी आपल्यावर येते.

मोतीबिंदूच्या शिबिरात गावात फक्त तपासणी करावी, शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच व्हावी. संक्रांतीनंतरचा काळ त्यासाठी चांगला, कारण वेचणी आटोपलेली असते. सातपुड्यातील पाड्यांवर मागे राहिलेल्या वृद्धांनाही तेव्हा आणता येते, परंतु त्यांची मुले-सुना ऊसतोडीला गेलेली असल्याने बरोबर थांबणारे कोणी नसते. ही सोबत क्लबने पुरवावी. गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, थेंबाची औषधे आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने होणारी तपासणी हे सर्व धरून एका रुग्णाचा खर्च काढावा. शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा महिन्याच्या तपासणीला किती जण परत आले तो आकडा अहवालात वर लिहावा.

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. जेवढ्या झाडांना तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढीच लावावीत. कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, डोंगरात मोह अशी येथील झाडे निवडावीत आणि प्रत्येक झाडासाठी जाळी, पाण्याचा टँकर आणि राखणदार यांचा पैसा आधी बाजूला काढावा. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून जंगल राखले, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे राखण गावाने केली. क्लबने लावलेले आणि गावाने न स्वीकारलेले झाड मार्चमध्ये शेळ्या खातात.

खरेदी, करार आणि कार्यक्रम

वीस हजारांच्या पुढच्या प्रत्येक खरेदीसाठी तीन दरपत्रके घ्यावीत. पुरवठादार सभासद असेल तर त्याचे दरपत्रक घेण्यास हरकत नाही, मात्र निर्णयाच्या वेळी तो बैठकीत नसावा आणि ही नोंद इतिवृत्तात असावी. वस्तू शक्यतो तालुक्याच्या गावातून घ्यावी, कारण बिघाड झाल्यावर मुंबईचा मेकॅनिक धरणगावला येत नाही. लाभार्थी संस्थेबरोबर दोन पानांचा साध्या मराठीत करार करावा. वस्तू कोणाच्या मालकीची, किल्ली कोणाकडे, वीज-पाणी-दुरुस्ती कोणाकडे, क्लब वर्षातून किती वेळा पाहणी करेल आणि वस्तू वापरात नसल्यास ती दुसऱ्या गावी हलवता येईल का, एवढे त्यात असावे. मुख्याध्यापकांची बदली होते, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचीही सही घ्यावी.

कार्यक्रम लहान ठेवावा. उन्हात मुलांना दोन तास बसवून ठेवू नये, आणि वस्तू हातात घेतलेल्या गरीब मुलाचा चेहरा वर्तमानपत्रात देऊ नये. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांची अंथरुणे आवरत, त्यांचे कपडे धूत. ज्या मुलांसाठी ते हे करीत त्यांना संकोच वाटू नये याची काळजी घेऊन करीत. ज्या मातीत हे घडले तेथे आपण दप्तर घेणाऱ्या मुलाला रांगेत उभे करून फोटो काढणे योग्य नाही. छायाचित्र कामाचे घ्यावे: भरलेल्या तलावाचे, चालू तोटीचे, मुलींच्या दाराला बसवलेल्या कडीचे.

सूत्रे देताना

जूनच्या शेवटच्या बैठकीत मावळत्या अध्यक्षाने पुढच्या अध्यक्षाला गळ्यातील अध्यक्षपदाच्या कॉलरबरोबर एक फाइल द्यावी. चालू आणि मागील तीन वर्षांच्या प्रत्येक प्रकल्पासाठी तीत एक पान असावे: जागा, किल्ली असलेल्या व्यक्तीचे नाव आणि फोन, देखभाल कराराची शेवटची तारीख, प्रकल्प खात्यात त्या कामासाठी राखलेली रक्कम आणि मागील पाहणीत काय दिसले याची नोंद. बंद पडलेल्या कामाचे पान फाडून टाकू नये, त्यावर ते का बंद पडले ते लिहावे. नव्या अध्यक्षाच्या अंदाजपत्रकातील चौथा हिस्सा जुन्या कामांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याचा ठराव आमच्या क्लबने केला आहे, आणि तो दरवर्षी पहिल्याच बैठकीत पुन्हा वाचला जातो.

पाहणीच्या तारखाही त्याच फाइलमध्ये आधी लिहिलेल्या असतात. आमच्या फाइलमध्ये त्या एप्रिलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी असतात. गिरणाकाठच्या त्या शाळेचे पान पहिले आहे. यंत्राचे मेंब्रेन आम्ही बदलले, वीजबिलाचा प्रश्न ग्रामपंचायतीने ठरावाने सोडवला आणि किल्ली आता पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे आहे. गाळणी साफ केल्याची तारीख त्या दर पंधरवड्याला भिंतीवर खडूने लिहितात.